यंत्राने दाखवलेले पाणी आणि चिकणमातीचा चकवा

उन्हाळा तोंडावर आला, विहिरीने तळ गाठला की शेतकरी बंधूंची पावले पाणी पाहणाऱ्याकडे वळतात. कोणी हातावर नारळ ठेवून शिवार पालथे घालणाऱ्या पाणाड्याला बोलावतो, तर कोणी यंत्रवाल्याला. यंत्राने पाहणी करणे ही शास्त्रीय पद्धत आहे यात शंका नाही. पण यंत्र नेमके काय मोजते आणि काय मोजत नाही, हे ठाऊक नसेल तर शास्त्रीय पद्धतीनेही विंधन विहीर कोरडी जाते. या लेखात अशाच एका चकव्याची माहिती देत आहोत. त्याला शास्त्रात ‘प्रेरित ध्रुवीकरण’ असे भारदस्त नाव आहे. नावाला बिचकण्याचे कारण नाही. ज्या गुणामुळे आपली काळी माती पालाश आणि अमोनियम धरून ठेवते, त्याच गुणातून हा परिणाम होतो.

काही वर्षांपूर्वी मराठवाड्यातील एका मोसंबी बागायतदाराच्या शेतावर प्रस्तुत लेखकाला जाण्याचा प्रसंग आला. बाग नऊ वर्षांची, ऐन फळावर आलेली. विहीर फेब्रुवारीतच आटली म्हणून त्यांनी यंत्राने पाहणी करून घेतली. पाहणी करणाऱ्याने वीस ते पन्नास फुटांच्या दरम्यान ‘पाण्याचा जाड थर’ असल्याचे लिहून दिले. प्रत्यक्षात विंधन विहीर घेताना बावीस फुटांवर पिवळसर चिकणमाती लागली, ती जवळजवळ पन्नास फुटांपर्यंत निघत राहिली. छिन्नीला गोळे चिकटत होते. त्याखाली काळा पाषाण. दोनशेवीस फुटांपर्यंत धुरळ्याशिवाय काही आले नाही. उसनवारीचे पैसे गेले आणि टँकरने पाणी घालूनही निम्मी बाग वाळली. त्या गृहस्थांनी मला विचारले, “साहेब, आम्ही पाणाड्याला नाही बोलावलं, यंत्रवाल्याला बोलावलं. मग यंत्र बी खोटं बोलतं का?”

त्यांच्या हातात नोंदींचा कागद होता. तो पाहिला. यंत्राच्या नोंदी बरोबर होत्या. त्या थराची रोधकता सहा ते आठ ओहम-मीटर आली होती, आणि ओल्या चिकणमातीची ती तेवढीच असते. चूक झाली होती ती नोंदीचा अर्थ लावण्यात.

रोधकता म्हणजे काय?

नेहमीच्या पाहणीत जमिनीत चार सळ्या ठोकतात. बाहेरच्या दोन सळ्यांमधून वीज सोडतात आणि आतल्या दोन सळ्यांमध्ये किती विद्युतदाब तयार होतो ते मोजतात. बाहेरच्या सळ्या जसजशा लांब नेल्या जातात, तसतशी वीज अधिक खोल जाऊ लागते. यावरून खालच्या थरांचा विजेला होणारा विरोध, म्हणजेच रोधकता, काढता येते. दख्खनच्या काळ्या कातळाच्या प्रदेशात, आणि महाराष्ट्राचे चार पंचमांशाहून अधिक क्षेत्र या कातळाने व्यापलेले आहे, साधारणपणे काळी माती व चिकण थर ५ ते १० ओहम-मीटर, पाणी धरलेला कुजका व तडे गेलेला खडक २० ते ४५, अर्धवट कुजलेला खडक ४० ते ७० आणि अखंड पाषाण त्याच्या पुढे, कित्येकदा काही शेकड्यांत जातो. हे आकडे ढोबळ आहेत. गावोगावी फरक पडतो.

येथेच अडचण आहे. रोधकता कमी येण्याची कारणे एकाहून अधिक आहेत. खडकात पाणी असेल तर ती कमी येते. चिकणमाती असेल तर त्याहूनही कमी येते. पाणी खारे असेल तर तीही अगदी तळाला जाते. कमी आकडा दिसला की ‘पाणी आहे’ असे म्हणून मोकळे होणारे पाहणी करणारे दुर्दैवाने आजही भेटतात. चिकणमातीत पाणी नसते असे नाही. भरपूर असते, निम्म्यापर्यंत आकारमान पाण्याचे असू शकते. पण पावसाळ्यात चिखलात रुतलेली बैलगाडी ज्यांनी ओढली आहे त्यांना सांगायला नको की चिकणमाती भिजते, फुगते, पण धरलेले पाणी सोडत नाही. विहिरीच्या दृष्टीने ते पाणी असून नसल्यासारखेच.

वीज बंद केल्यावर काय होते?

मग चिकणमाती ओळखायची कशी? यावर एक युक्ती जुनीच आहे. फ्रान्समधील कॉनराड श्लुम्बर्जर हे जमिनीतून वीज सोडून खनिजे शोधण्याच्या पद्धतीचे एक जनक. आपल्याकडे सळ्यांच्या ज्या मांडणीने विहिरीची पाहणी होते ती आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. त्यांनी १९२० च्या सुमारास एक गोष्ट नोंदवून ठेवली. बाहेरून सोडलेली वीज बंद केली तरी काही ठिकाणी आतल्या सळ्यांमधला दाब एकदम शून्यावर येत नाही. तो बराचसा खाली पडतो आणि उरलेला थोडा अंश हळूहळू, एखाद-दोन सेकंद रेंगाळत विरतो. जणू जमिनीने थोडी वीज उधार ठेवून घेतली आणि मागाहून परत केली. हेच प्रेरित ध्रुवीकरण.

समजा वीज चालू असताना १०० मिलिव्होल्ट दाब होता आणि बंद केल्यानंतर अर्ध्या सेकंदाने १ मिलिव्होल्ट शिल्लक राहिला, तर त्या जमिनीची ‘प्रभारणक्षमता’ व्होल्टमागे १० मिलिव्होल्ट झाली. गंधकयुक्त धातूंची खनिजे भरपूर असलेल्या खडकात हा परिणाम फार मोठा असतो, म्हणून खाणींच्या शोधात ही पद्धत प्रथम रुजली. गाळाच्या जमिनीत तो अगदी थोडा असतो. आणि पाण्याची स्वतःची प्रभारणक्षमता जवळजवळ शून्य. आपल्या कामाची गोष्ट हीच आहे.

चिकणमातीत हे का घडते ते समजून घेऊ. मृद चाचणीच्या अहवालात ‘धन आयन विनिमय क्षमता’ असा एक रकाना असतो. चिकणमातीच्या कणांच्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार असतो. त्यामुळे कॅल्शियम, मॅग्नेशियम, पालाश, अमोनियम यांचे धन आयन कणांभोवती ढगासारखे गोळा होतात. आपण टाकलेला युरिया अमोनियमच्या रूपात काही काळ जमिनीत टिकतो तो याच कारणाने. काळ्या मातीतील मॉन्टमोरिलोनाइट या खनिजाची ही क्षमता १०० ग्रॅमला ८० ते १२० मिलिसममूल्य असते, तर कोकणच्या जांभ्या जमिनीतील केओलिनाइटची अवघी ३ ते १५. म्हणून कोकणात बसवलेले ठोकताळे मराठवाड्यात जसेच्या तसे लावू नयेत.

आता दोन वाळूकणांमधली अरुंद फट डोळ्यांसमोर आणा. फटीच्या तोंडाशी चिकणमातीचा कण बसला आहे आणि त्याभोवती धन आयनांचा ढग आहे. वीज सोडली की पाण्यातले धन आयन एका दिशेला आणि ऋण आयन दुसऱ्या दिशेला निघतात. धन आयन त्या ढगातून वाट काढतात. ऋण आयनांना मात्र तो ढग अडवतो. सुगीच्या दिवसांत बाजार समितीच्या एकेरी फाटकापुढे गाड्या तुंबाव्यात तसे फटीच्या एका बाजूला आयन तुंबतात, दुसऱ्या बाजूला तुटवडा पडतो. वीज बंद केली की तुंबलेले आयन हळूहळू मागे सरून जागेवर येतात. त्या परतीच्या हालचालीचा जो क्षीण दाब, तोच आपल्या यंत्रावर रेंगाळताना दिसतो.

यातून एक उलटसुलट वाटणारी गोष्ट निघते. निव्वळ चिकणमातीच्या जाड थरात हा परिणाम अपेक्षेइतका मोठा नसतो, कारण तिथे सगळीकडेच ढग आहेत. मोकळी वाट आणि अरुंद फाटक असा भेदच उरत नाही. स्वच्छ वाळूतही तो नगण्य असतो, कारण तिथे फाटकच नाही. वाळूत किंवा मुरमात थोडी चिकणमाती पसरलेली असेल तेव्हा तो सर्वांत ठळक येतो. अमेरिकेतील न्यू मेक्सिकोत व्हिक्टर व्हॅकिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५७ मध्ये भूजल शोधण्यासाठी ही पद्धत वापरून पाहिली, तेव्हापासून हे माहीत आहे. तेव्हा प्रभारणक्षमतेचा आकडा म्हणजे चिकणमातीची टक्केवारी, असा सरळ हिशेब कोणी मांडला तर त्यावर विश्वास ठेवू नये. हा आकडा रोधकतेच्या जोडीने वाचायचा असतो.

जोडीने वाचला तर उपयोग होतो तो असा. रोधकता बेताची, म्हणजे वीस-तीसच्या घरात, आणि प्रभारणक्षमता कमी असेल तर गोड्या पाण्याने भरलेल्या कुजक्या खडकाची किंवा वाळूची आशा धरता येते. रोधकता उतरलेली आणि प्रभारणक्षमता चढलेली असेल तर चिकणमाती मिसळलेला थर समजावा. तेथे विहीर झिरपेल पण भागवणार नाही. दोन्ही अगदी कमी असतील तर खाऱ्या पाण्याचा संशय घ्यावा, कारण पाण्यात क्षार वाढले की रेंगाळणारा दाब दबून जातो. निव्वळ चिकण थरही असाच दिसू शकतो. अशा वेळी यंत्र बाजूला ठेवून शेजारच्या चार विहिरींचे पाणी तपासणे हा सर्वांत स्वस्त उपाय. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतील पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यात गाळाचा थर जाड आहे, माती चिकण आहे आणि खालचे पाणी खारे आहे. तिथे नुसत्या रोधकतेवरून विहिरीची जागा ठरवणे म्हणजे अंधारात दगड मारणे होय.

विद्युत-चुंबकीय पाहणीतील चकवा

आता अलीकडे सळ्या न ठोकता केवळ तारेचे मोठे वेटोळे जमिनीवर पसरून पाहणी करण्याची पद्धत वाढते आहे. तिचे तत्त्व शेतावरच्या रोहित्रासारखे. रोहित्रातील दोन वेटोळ्यांमध्ये तारेचा जोड नसतो, तरी एकातली वीज बदलली की दुसऱ्यात वीज उत्पन्न होते. येथे दुसऱ्या वेटोळ्याची जागा जमीन घेते. साधारण ४०-५० मीटर बाजूच्या चौकोनी वेटोळ्यात वीज सोडून ती एकाएकी तोडतात. त्यासरशी जमिनीत भोवऱ्यासारखे प्रवाह उठतात, पसरत खोल जातात आणि विरतात. त्यांचे विरणे यंत्र मोजते. पहिल्या नोंदी काही मायक्रोसेकंदांतल्या आणि शेवटच्या काही मिलिसेकंदांतल्या. जमीन विजेची चांगली वाहक असेल तर प्रवाह रेंगाळतात, कातळ असेल तर झटकन विरतात.

हीच पद्धत हेलिकॉप्टरला वेटोळे टांगूनही करतात. केंद्रीय भूजल मंडळाच्या नकाशीकरणाच्या प्रायोगिक टप्प्यात हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने २०१३-१४ च्या सुमारास देशात सहा ठिकाणी अशी हवाई पाहणी केली. त्यात नागपूर जिल्ह्यातील चंद्रभागा पाणलोट क्षेत्राचाही समावेश होता.

या पद्धतीत प्रेरित ध्रुवीकरण न बोलावता येते. भोवऱ्याचे प्रवाह चिकणमातीतून वाहताना तिला थोडे प्रभारित करतात. प्रवाह क्षीण झाले की चिकणमाती घेतलेला भार परत करू लागते आणि त्या परतीच्या प्रवाहाची दिशा उलटी असते. भोवऱ्याचा प्रवाह मोठा आहे तोवर हे लक्षात येत नाही. तो पुरेसा विरला की उलटा प्रवाह वरचढ ठरतो आणि यंत्रावरचे आकडे धनाचे ऋण होतात. पूर्वी अशा ऋण नोंदी ‘यंत्रातला गोंधळ’ म्हणून खोडून टाकल्या जात. ऑस्ट्रेलियात ब्रायन स्पाईज यांनी १९८० मध्ये शेतावरच्या प्रत्यक्ष पाहणीत आलेल्या अशा उलट्या नोंदी प्रसिद्ध केल्या. पुढे १९८२ मध्ये जर्मनीचे पीटर वायडेल्ट यांनी गणिताने दाखवून दिले की वीज सोडणारे आणि मोजणारे वेटोळे एकाच जागी असेल, तर ध्रुवीकरण न होणाऱ्या जमिनीवर चिन्ह उलटूच शकत नाही. म्हणजे अशा मांडणीत ऋण आकडा पक्का आला, तर जमिनीतच काहीतरी प्रभारित होत आहे. वेटोळी वेगवेगळ्या जागी असतील तर मात्र हा नियम लागू नाही. तेथे चिन्ह निव्वळ मांडणीमुळेही बदलू शकते.

आकडे ऋण झाले तर निदान सावध तरी होता येते. खरा धोका ते ऋण होत नाहीत तेव्हा असतो. परिणाम मध्यम असेल तर नोंदी धनच राहतात, पण शेवटी शेवटी असायला हव्यात त्यापेक्षा लवकर खाली येतात. प्रवाह लवकर विरणे ही तर कातळाची खूण. संगणकाला ध्रुवीकरणाची कल्पना दिलेली नसेल, तर तो बिनदिक्कत वरचा थर अधिक चिकण दाखवतो आणि खाली अखंड पाषाण काढून देतो. म्हणजे मोसंबीवाल्यांच्या बाबतीत चिकणमातीला पाणी समजले गेले, तर येथे उलट होऊ शकते. खाली पाणी धरलेला भेगाळ खडक असूनही ‘येथे खडक घट्ट आहे, खर्च करू नका’ असा सल्ला मिळतो. कोरडी गेलेली विहीर सर्वांना दिसते. सोडून दिलेली चांगली जागा कोणाच्याच लक्षात येत नाही.

असा परिणाम कोठे ठळक येईल? वर पातळ, प्रभारित होणारा चिकण थर आणि खाली विजेला विरोध करणारा कातळ असेल तेथे. कारण तेथे भोवऱ्याचा प्रवाह लवकर विरतो आणि मागे उरलेला क्षीण उलटा प्रवाह उघडा पडतो. कॅनडाच्या उत्तरेकडील कायम गोठलेल्या जमिनीवर हवाई पाहणीत असे आकडे मिळाले आहेत, ऑस्ट्रेलियात कुजलेल्या खडकाच्या चिकण थरांवरही. दहा-पंधरा फूट काळी माती आणि खाली पाषाण ही आपल्या पठारावरील नेहमीची रचना याच जातीची असल्याने येथेही ही शंका मनात ठेवलेली बरी. खारपाणपट्ट्यासारख्या जाड, वाहक जमिनीत मात्र भोवऱ्याचा प्रवाह इतका मोठा आणि चिवट असतो की तो उलट्या प्रवाहाला सहसा डोके वर काढू देत नाही.

गंमत अशी की हा त्रास दोन्हीकडून आहे. सळ्या ठोकून ध्रुवीकरण मोजायला जावे, तर वीज वाहणाऱ्या लांब तारा शेजारच्या मोजमापाच्या तारांत विद्युत-चुंबकीय परिणामाने खोटा दाब उत्पन्न करतात. म्हणून जाणकार माणूस दोन्ही तारा एकमेकींना चिकटून कधी टाकत नाही.

पाहणी करून घेताना

ध्रुवीकरणाची पाहणी करणारा मोजमापासाठी साध्या लोखंडी सळ्या वापरत असेल तर त्याला तेथेच थांबवावे. लोखंड ओल्या मातीत स्वतःच प्रभारित होते आणि आपण जमिनीची नव्हे, सळीची पाहणी करीत बसतो. यासाठी सच्छिद्र मातीच्या भांड्यात मोरचुदाचे संपृक्त द्रावण भरून त्यात तांब्याची कांडी बुडवतात आणि भांडे ओल्या खड्ड्यात बसवतात. बोर्डो मिश्रणासाठी आणतो तोच मोरचूद. बाहेरच्या, वीज सोडणाऱ्या सळ्या लोखंडी असल्या तरी चालतात. उन्हाळ्यात जमीन कोरडी असल्याने त्यांच्या बुडाशी मिठाचे पाणी ओतावे; मोजमापाच्या भांड्याजवळ मात्र ते सांडू नये.

द्राक्षबागेत पाहणी असेल तर विशेष जपावे. मांडवाच्या तारा आणि लोखंडी अँगल हे विजेच्या दृष्टीने जमिनीवर अंथरलेले मोठे जाळेच आहे. भोवऱ्याचे प्रवाह जमिनीऐवजी त्यातच फिरतात. तारेचे कुंपण, पुरलेले लोखंडी नळ, विजेच्या तारा यांचेही तसेच. बागेबाहेर, निदान पन्नास-शंभर मीटर अंतरावर पाहणी होत असेल तर ती घ्यावी. शेजारचे पंप तेवढा वेळ बंद ठेवण्याची विनंती करावी. प्लॅस्टिकच्या ठिबक नळ्यांची अडचण नाही.

ध्रुवीकरणाच्या पाहणीला वेळ जास्त लागतो. एकेका नोंदीसाठी वीज काही सेकंद चालू, काही सेकंद बंद, असे अनेक फेरे करावे लागतात आणि बॅटरीही मोठी लागते. त्यामुळे खर्च वाढतो. प्रत्येक विहिरीला तो करावा असे आमचे मत नाही. जेथे उघडा खडक दिसतो, शेजारच्या विहिरींचे थर माहीत आहेत, तेथे साधी रोधकता पाहणी आणि डोळसपणे केलेली विहिरींची नोंद पुरेशी होते. तापी-पूर्णेचा गाळ, खारपाणपट्टा, खाडीकाठच्या खार जमिनी आणि ज्या शिवारात शेजारच्या विंधन विहिरींतून चिकणमातीचे गोळे निघाले आहेत अशा जागा, येथे मात्र हा खर्च कोरड्या विहिरीच्या खर्चापुढे किरकोळ आहे. एक मर्यादाही सांगितली पाहिजे. कातळातली बोटभर रुंदीची पाण्याची भेग दीडशे-दोनशे फुटांवर असेल, तर जमिनीवरून केलेल्या यापैकी कोणत्याच पद्धतीला ती दिसत नाही. अमुक फुटांवर अमुक इंच पाणी, असे छातीठोक सांगणाऱ्यापासून चार हात दूर राहावे.

पाहणी करणाऱ्याकडून केवळ जागेची खूण न घेता नोंदींचा कागद मागून घ्यावा. त्यात प्रत्येक थराची खोली, रोधकता आणि मोजली असल्यास प्रभारणक्षमता लिहिलेली असावी. वेटोळ्याची पाहणी असेल तर मूळ नोंदी मागाव्यात आणि ऋण आकडे आले होते का, आले असल्यास खोडले का, हे विचारावे. विंधन विहीर घेताना दर दहा फुटांवर निघणाऱ्या चुऱ्याची मूठभर पुडी बांधून तिच्यावर खोली लिहून ठेवावी. विहीर कोरडी गेली तरी या पुड्या टाकू नयेत.

मोसंबीवाल्या गृहस्थांनी तशा पुड्या ठेवल्या होत्या. त्यांच्या आधाराने पुढच्या हंगामात बांधाच्या दुसऱ्या टोकाला पुन्हा पाहणी केली. या वेळी रोधकतेबरोबर प्रभारणक्षमताही मोजली. तेथे थराचा आकडा तीस ओहम-मीटरच्या आसपास आला, म्हणजे पहिल्या जागेपेक्षा चांगला चढा, आणि रेंगाळणारा दाब नावापुरता. आकडा चढा पाहून घरचे लोक नाराज झाले, ‘आधीच्या जागेला तर यापेक्षा कमी आला होता’ म्हणून. चाळीस फुटांवर कुजका मांजऱ्या खडक लागला आणि पाणी आले. फार नाही, पण उरलेल्या झाडांना ठिबकने दिवसाआड पुरते.